तीस सेकंद उशिरा

केयॉनच्या धक्क्यावर, शीतगृहाला लागून
एक खोली मिळाली, तिथे मी कॅमेरा उभा केला.
तिपाईचा एक पाय आखूड निघाला.
त्याखाली सुरक्षा-नियमांची जुनी पुस्तिका सरकवली,
तेव्हा क्षितिज सरळ झालं.

आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टेकवल्या.
शीतगृहाचं यंत्र मात्र दर अकरा मिनिटांनी गुरगुरतं,
त्याला हात जोडून उपयोग नाही,
फोरमनला जोडावे लागतात.
वीस मिनिटं बंद ठेवतो, म्हणाला,
त्यापुढे मासे माझं ऐकणार नाहीत.

समुद्रात आमच्या कंपनीचे चौदा तराफे.
प्रत्येकावर एक खोली, एक शेगडी, छपरावर डिश
आणि सॅल्मनच्या जाळ्यांखाली उतरणारे चार-पाच पाणबुडे.
चौदा ठिकाणी एकच चित्र पोचवायचं,
एवढंच माझं काम.
ऐकताना सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

पहिल्या चाचणीत दोन नंबरला नुसता आवाज गेला,
नऊ नंबरला नुसते ओठ.
अकरावरून नोल्बेर्तोचा निरोप आला:
इथे एक भोवरा फिरतोय. छान आहे. पुढे काय?

मी चित्राची स्पष्टता उतरवली, मग आणखी उतरवली,
इतकी की शिकवणाऱ्याच्या सुरकुत्याच पुसल्या गेल्या.
रोसामेल बार्रिया पडद्यावर स्वतःला निरखत म्हणाला,
"पोरी, एवढा कोवळा तर मी लग्नातही नव्हतो."

रोसामेल तेवीस वर्षं पाण्याखाली होता.
आता काठी घेऊन चालतो.
एका डिसेंबरात घाईने वर आला
(कसली घाई, ते दर वेळी वेगळं सांगतो,
कधी फाटलेली नळी, कधी मुलीचा वाढदिवस)
आणि रक्तात फसफसलेली हवा
कमरेच्या हाडात जाऊन बसली ती बसलीच.
कंपनीच्या कागदावर त्याचा हुद्दा: प्रशिक्षक.
अनुभवाच्या रकान्यात कुणी काही लिहिलेलं नाही.

दहाला मी बोट वर केलं. लाल दिवा.
त्याने फळ्यावर समुद्राचा तळ काढला,
एक दोरी काढली, दोरीवर गाठ,
आणि विचारलं, "कळलं का?"
मग उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

हे त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं:
इथून सुटलेला शब्द आधी सांतियागोला जातो,
तिथून आभाळात,
वाटेत अडखळू नये म्हणून थोडा साठवून ठेवतात,
आणि तीस सेकंदांनी तो तराफ्यावर उतरतो.
त्यांचं हो परत यायला आणखी वेळ.

वहीचं पान फाडून मी लिहिलं: उशीर आहे, बोलत राहा.
ते वाचून तो हसला. बोलला नाही.
मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिला,
ओठांनी आकडे पुटपुटत.
मला घाम फुटला. चौदा पडद्यांवर
एक म्हातारा नुसता उभा.

मग कॅमेऱ्याकडे वळला.
"आत्ता तुम्ही कंटाळलात ना, तेच.
पाच मीटरवर गाठ धरून असंच लटकायचं.
वर उजेड दिसतो, होडीचं बूड दिसतं,
कुणीतरी चहा ओततंय तेही दिसल्यासारखं वाटतं.
हात लांबवला की पोचलोच.
काहीच घडत नसतं तेव्हा,
फक्त तुमचं रक्त ताळ्यावर येत असतं."

एकविसावं मिनिट. यंत्र गुरगुरलं.
पडद्याच्या कडेला उत्तरं उगवू लागली,
सहा: हो. दोन: हो. तेरा: चहा खरंच ओतत होतो.
अकरा गप्प.
मी केबल हलवून पाहिली, प्लग दाबून पाहिला,
आणि कितीतरी वेळाने
नोल्बेर्तो: भोवरा थांबला. आम्ही पण थांबलोय. मोजतोय.

दुपारी मुख्य कार्यालयाचा फोन.
कार्यक्रम चांगला झाला, पण उशीर फार,
पुढच्या वेळी तीन सेकंदांवर आणता येईल का?
येईल, म्हणाले. येतं तसं.
बोलता बोलता केबल गुंडाळत होते,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत, दोर गुंडाळतात तशी.

रोसामेल अजून खुर्चीतच होता.
त्याला उठायला वेळ लागतो.